अकरा घरांचा एक आवाज

रविवार, २९ डिसेंबर २०२४. सकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनी मी स्वारगेटहून धाराशिवच्या एस.टी.त बसलो. या प्रवासाची परवानगी मी मागितली होती आणि ती नाकारण्यात आली होती. म्हणून तिकीट स्वतःचे काढले.

वाटेविषयी सांगण्यासारखे काही नाही. गाडी सुटली आणि पोचली. त्याऐवजी का निघालो ते सांगतो, म्हणजे पुढचे समजेल.

माझे सारे आयुष्य घरोघर जाऊन लोकांना प्रश्न विचारण्यात गेले. घरात माणसे किती, जनावरे किती, पाणी कोठून आणता, महिन्याभरात कोणी आजारी होते का, काल रात्री चुलीवर काय शिजले. एक घर, एक कागद. निवृत्तीनंतर पुण्यातील एका खासगी संस्थेने मला तपासनीस म्हणून बोलावले. तेथे घरोघर कोणी जात नाही. अगदी पहिल्या फेरीला काही माणसे गावी जाऊन घरांचे मोबाईल क्रमांक लिहून आणतात. ज्या घरी फोन नाही ते घर तेथेच गळते. त्यानंतर दर तीन महिन्यांनी एका लांबट खोलीत बसलेल्या मुली त्या क्रमांकांवर फोन लावतात आणि तेच प्रश्न विचारतात. संभाषण ध्वनिमुद्रित होते, उत्तरे संगणकात जातात. ही पद्धत वाईट आहे असे मी म्हणत नाही. साथीच्या काळात उंबरा ओलांडता येत नव्हता तेव्हा तिनेच निभावून नेले.

ऑक्टोबरच्या फेरीत धाराशिव जिल्ह्यातील एका वस्तीच्या अकरा मुलाखती संगणकाने बाजूला काढल्या. घरे अकरा, फोन अकरा, नावे अकरा. उत्तर देणारा आवाज मात्र एकच. मुलाखती वैशाली नावाच्या मुलीने घेतल्या होत्या. ती तुळजापूरकडची. त्या भागाची बोली कळते म्हणून तिकडचे फोन तिच्याकडे असत. आता तेच तिच्याविरुद्ध गेले. आमचा समन्वयक निखिल म्हणाला, "तिकडचीच आहे, सर. ओळखीतली एखादी बाई गाठली, गावातले फोन गोळा केले आणि एका बैठकीत अकरा फॉर्म उरकले."

ध्वनिमुद्रणे तपासायला माझ्याकडे आली. मी दोन ऐकली. आवाज एकच होता. अकरांवर ‘संशयास्पद’ अशी सही केली.

दोन ऐकली आणि अकरांवर सही केली. हे मी मुद्दाम दोनदा लिहितो.

त्या सहीवर वैशालीला घरी बसवण्यात आले. ३१ डिसेंबरला सायंकाळी पाच वाजता फेरी बंद होणार होती. तोपर्यंत मुलाखती ‘बनावट’ ठरल्या की तिची नोकरी जाणार, आणि नाव एका यादीत चढणार. ती यादी याच कामातील इतर संस्थाही पाहतात. थोडक्यात, हे काम तिला पुन्हा कोणी देणार नव्हते.

तिने मला फोन केला. रडली नाही. मला ते बरे वाटले.

"आवाज एकच आहे हे तुम्हाला कळले नाही का?" मी विचारले.

"कळलं, सर. चौथ्या फोनला कळलं."

"मग नोंद का नाही?"

"फॉर्मात तशी जागाच नाही. मी विचारलं, तुम्ही घरातल्याच ना? त्या म्हणाल्या, व्हय, घरचीच. अकरा वेळा विचारलं, अकरा वेळा तेच उत्तर. पण सर, प्रत्येक घराचं त्यांनी वेगळं सांगितलं. म्हशीचं, सुनेचं, तापाचं. खोटं बोलणारं माणूस एवढं वेगळं सांगत बसत नाही. तुम्ही बाकीचे नऊ ऐकले का?"

मी फोन ठेवला आणि बाकीचे नऊ ऐकले. मग परवानगी मागितली. निखिल म्हणाला की प्रत्यक्ष भेट हा आता प्रक्रियेचा भाग नाही.

धाराशिवला स्थानकाजवळच्या लॉजवर उतरलो. व्यवस्थापकाने नाव लिहून घेताना विचारले, "कुठून आलाव, काका? उद्याची काय गडबड?"

मी बेंबळीकडील वस्तीचे नाव सांगितले. घरोघर भेटी आहेत म्हणालो.

तो हसला. "उद्या? उद्या येळवस हाय. घरात मांजर गावायचं न्हाय तुमाला. समदं शिवारात आसतंय."

वेळा अमावस्या मी विसरलो होतो. पुण्यात ती कोणाला ठाऊक नसते. या बाजूला मात्र त्या दिवशी सारे गाव कुलपे लावून शेतात जाते, कडब्याची कोपी म्हणजे खोपटे उभारते, पाच दगड पांडव म्हणून पुजते आणि दिवसभर तेथेच जेवते. चाळीस वर्षे फिरतीचे वेळापत्रक आखणाऱ्या माणसाने नेमका तोच दिवस निवडावा ही चूक लहान नव्हे. पण परवा पाच वाजता फेरी बंद होणार होती. दुसरा दिवस हातात नव्हता.

सोमवार, ३० डिसेंबर. बेंबळीच्या पुढे

बेंबळीपर्यंत जीप मिळाली. पुढे एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभा राहून गेलो. ट्रॉलीत घोंगड्या, टोपल्या, आंबिलीचा डेरा आणि तो सांभाळणाऱ्या दोन बायका होत्या. मी कोण, कोठला, हे न विचारताच त्यांनी मला डेऱ्याच्या दुसऱ्या बाजूने हात लावायला सांगितले. मी लावला.

वस्ती ओढ्याच्या खोलगटात आहे. अकरा घरे, अकरा कुलपे. व्यवस्थापक खोटे बोलला नव्हता. खिशातील फोन पाहिला. रेंजची एक रेघ नव्हती. वर माळ दिसत होता. निदान यादीतील क्रमांक लावून माणसे कोणत्या शेतात आहेत ते विचारावे म्हणून चढलो. पंधरा मिनिटे लागली. माझ्या वयाला ती वीस असायला हवी होती.

वर रेंज आली. यादीतील पहिले नाव दगडू. त्याचा क्रमांक लावला.

पलीकडे बोरीच्या झुडपामागे हलगी वाजू लागली.

मी थांबलो. हलगीही थांबली. कानाशी आवाज आला, "हालो, बोला."

झुडपामागून एक बाई उभी राहिली होती. पन्नाशी ओलांडलेली, काठी बगलेत, भोवती पंचवीस-तीस शेळ्या. माझ्यापासून वीस पावलांवर. तिने मला पाहिले, मी तिला. आवाज मी अकरा वेळा ऐकला होता.

"दगडूच्या घरून कोण बोलते?" मी फोनमध्येच विचारले.

"घरचीच हाय. तुमी कोण?"

मी फोन बंद केला आणि दुसऱ्या नावाचा, महादूचा, क्रमांक लावला. त्याच झुडपातून आरती वाजली. तिने पिशवीत हात घालून दुसरा फोन काढला, पण कानाला लावला नाही. काठीने मला खूण केली.

"आवो, समोर हुबं ऱ्हाऊन कशाला खर्च करताय? या की हितं. एकेकाला लावत बसलाव तर दिस मावळंल."

तिच्या पिशवीत अकरा फोन होते. प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. वाचता येत नाही. चिंधी आणि वाजण्याची धून यांवरून ओळखते. नाव गयाबाई. वस्तीची लेक, फार पूर्वी नवरा गेला तेव्हा परत आली. वस्तीत सगळे तिला आत्या म्हणतात. अकरा घरांच्या शेळ्या ती माळावर आणते, आणि खाली रेंज नाही म्हणून शेळ्यांबरोबर फोनही आणते. दिवसभर आलेले निरोप घेते, संध्याकाळी खाली जाऊन ज्याचे त्याला सांगते. पुण्यात असलेल्या मुलाचा, दूध डेअरीचा, ढोकीच्या कारखान्यावर ऊसतोडीला गेलेल्या भावाचा. निरोप चुकला असे कधी झाले नाही, असे ती म्हणाली. नंतर खाली मी सात जणांना विचारले. सातही तेच म्हणाले.

"ऑक्टोबरात एका मुलीचे फोन आले होते," मी म्हणालो.

"आले की. ग्वाड बोलत व्हती. एकामागं एक, एकामागं एक. म्या म्हन्लं, ह्या पोरीला दुसरं काम न्हाय काय. पन इचारीत व्हती निवांत. म्या सांगितलं."

"तिने विचारले, तुम्ही घरातल्याच का. तुम्ही हो म्हणालात."

"मग काय परक्याची हाय?" तिने काठी जमिनीवर टेकली. "ज्याच्या घरी पाळी त्याच्या घरी भाकर, त्याच्याच वसरीला झोप. आज दगडूकडं, उद्या महादूकडं, परवा त्याच्या म्होरं. अकरा दिसांनी पुन्यांदा दगडूकडं. कोन्च्या घरची न्हाय म्या, सांगा की."

कुटुंब म्हणजे काय हे मी चाळीस वर्षांत शेकडो मुलामुलींना शिकवले आहे. जे एका छताखाली राहतात आणि ज्यांचे अन्न एका चुलीवर शिजते ते एक कुटुंब. ही व्याख्या मी फळ्यावर लिहीत असे आणि पाठ करून घेत असे. आज या बाईपुढे ती बोलून पाहिली तर ती अकरा वेळा खरी ठरत होती.

"तिला काय झालं का, त्या पोरीला?" गयाबाईने विचारले.

"नोकरी जाणार आहे."

"का?"

"तुम्ही अकरा घरांचे सांगितले म्हणून. तिने ते रचले, असे वरचे म्हणतात."

तिने हातातला फोन पिशवीत टाकला. मग म्हणाली, "मंजी म्या खोटी पडले व्हय?"

"ते पाहायलाच आलो आहे."

"मग हितं काय बघताय? चला खाली." तिने शेळ्यांना हाळी दिली आणि पिशवी खांद्याला मारली. "एकेकाला इचारा. एक बी उत्तर चुकलं आसंल तर माझं नाव बदला."

पहिले शेत दगडूचे. कमरेएवढी ज्वारी, मधे कोपी, कोपीपाशी माणसांचा मेळा. मी नमस्कार केला आणि कागद काढले. दगडूची बायको शेवंता हिने माझ्यापुढे पत्रावळ ठेवली.

येथे माझा एक नियम सांगितला पाहिजे. ज्या घरी प्रश्न विचारायचे त्या घरी पाण्याखेरीज काही घ्यायचे नाही. ज्याचे खाल्ले त्याच्या उत्तरावर शंका घेणे जड जाते. हा नियम मी कधी मोडला नव्हता. पुण्यात तो पाळणे अवघड नसते. तेथे लोखंडी जाळीच्या दारातून एक डोळा दिसतो आणि "आम्हाला काही नको" एवढे ऐकू येते. मी दगडूला नियम समजावून सांगितला.

त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग मागे वळून ओरडला, "आरं, घोंगडं आना. आबा उपाशी हायती." माझ्याकडे वळून म्हणाला, "आबा, तुमचा नियम पुन्याचा. हितं आज शिवारात पाय पडला की माणूस न जेवता जात न्हाय. तुमी तुमचं इचारा, आमी आमचं वाढतो."

वाढलेच. भज्जी हा पदार्थ पुण्याच्या भजीशी नात्याने लागत नाही. हरभरा, तूर, वाटाणा, हाताला लागेल ती हिरवी भाजी, सारे बेसनात एकत्र शिजवलेले. त्याबरोबर बाजरीचे उकडलेले गोल उंडे, शेंगांची चटणी आणि मातीच्या लोटक्यात आंबील. आंबील आंबट, गार आणि जिऱ्याच्या वासाची असते. ती दोन लोटकी प्यालो. नियम मोडला. त्याचा पश्चात्ताप आजवर झालेला नाही.

मग प्रश्न विचारले. ध्वनिमुद्रणातील उत्तरे माझ्याजवळ लिहिलेली होती. ती कोणाला दाखवली नाहीत.

"सप्टेंबर-ऑक्टोबरात घरात कोणी आजारी?"

"न्हाय," दगडू म्हणाला.

माझ्या कागदावर ‘होय, सून’ असे होते. मी लिहायला पेन टेकवले तोच कोपीतून शेवंता म्हणाली, "न्हाय कसं? सून आठ दिस तापानं फणफणली व्हती. तुमाला काय ठावं? तुमी पाण्याची मोटार दुरुस्तीला घेऊन गेलता."

"व्हय व्हय," दगडू म्हणाला. "गेल्तो खरा."

गयाबाई माझ्याकडे पाहत होती. मी ‘होय’ लिहिले.

दुसऱ्या शेतात महादूने बैल दोन सांगितले. गयाबाईने ऑक्टोबरात दोन बैल आणि एक आजारी गाय सांगितली होती. गाय नोव्हेंबरात मेली होती. तिसऱ्या शेतात कागद मांडीवर ठेवून आंबील घेत असता एका शेळीने कागदाचा कोपरा खाल्ला. प्रश्न सात ते नऊ गेले. ते पाठ होते. शेळीच्या मालकाने दिलगिरी म्हणून पत्रावळीवर आणखी दोन उंडे टाकले. तेथून पुढे मी हात जोडून फक्त एक घास घेत गेलो. प्रत्येक घरी त्यावर भांडण झाले.

सातव्या घरी उत्तर जुळले नाही. घरात माणसे किती? आई म्हणाली, पाच. गयाबाईने चार सांगितली होती. मी मुलांची नावे विचारली. आईने तिघांची सांगितली. मोठ्याचे वय विचारले तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, "आता तेवीसचा आसंल."

"कोठे असतो?"

तिच्या नवऱ्याने ज्वारीकडे तोंड फिरवले. गयाबाई मागून हळूच म्हणाली, "दोन वरीस झाले. फोन बी न्हाय त्याचा. ह्यांचा फोन वाजला की म्या पयलं त्याचंच नाव इचारते."

सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर असलेली व्यक्ती कुटुंबात धरायची नाही. नियम स्पष्ट आहे. मी चार लिहिले. आईला सांगितले नाही.

दिवस कलला तेव्हा अकरा घरे झाली होती. फरक तीन निघाले. तिन्ही ठिकाणी गयाबाईचे उत्तर घरच्या कर्त्याच्या उत्तराहून खरे ठरले. माझ्या नोकरीत मी असा उत्तर देणारा पाहिलेला नाही.

एक गोष्ट मात्र मला उशिरा दिसली. सर्व कागद एकत्र करून माणसांची बेरीज करीत होतो. अकरा घरांच्या अकरा उत्तरांत गयाबाई कोठेच नव्हती. दगडूच्या घरी सहा माणसे, त्यांत ती नाही. महादूच्या घरी पाच, त्यांतही नाही. सगळी उत्तरे तिनेच दिली होती.

"तुमचा फोन कोणता?" मी विचारले.

"माझा कुठला? मला कोन करनार?"

"आणि ऑक्टोबरात स्वतःला का मोजले नाही?"

ती मोठ्याने हसली. भोवतीच्या बायकाही हसल्या, कारण हा प्रश्न त्यांना मूर्खपणाचा वाटला. "कुठं मोजायचं, आबा? एका घरी मोजलं तर धा घरं रुसतील."

महादू म्हणाला, "आत्याला आमच्याकडं लिवा. आमी लिवून घेतो."

"तुज्याकडं का?" दगडू म्हणाला. "आज पाळी माझी हाय."

मी कागद पुढे केला. अकरा घरांनी त्यावर सह्या केल्या किंवा अंगठे उठवले की ऑक्टोबरात आमच्या वतीने आमच्या संमतीने गयाबाई बोलली आणि खरे बोलली. शाई नव्हती. शेवंताने तव्याची काजळी हेंडग्यासाठी, म्हणजे कडब्याच्या पलित्यासाठी, आणलेल्या तेलात कालवून दिली. अंधार पडण्यापूर्वी लोक गव्हाभोवती जळता हेंडगा फिरवू लागले. मी बेंबळीकडे जाणाऱ्या ट्रॉलीत बसलो. कोणी तरी माझ्या मांडीवर भज्जीचा डबा ठेवला. डबा कोणाचा ते विचारले तर उत्तर आले, "पुन्यांदा याल तवा आना."

मंगळवार, ३१ डिसेंबर. धाराशिव

सकाळी दहाला लॉजच्या खोलीत बसून अॅप उघडले. प्रत्येक मुलाखतीखाली दोन चौकटी: ‘खरी’ आणि ‘बनावट’. मी दगडूच्या घरापुढे ‘खरी’ दाबले. उत्तर देणाऱ्याचे कुटुंबाशी नाते विचारले, ‘सदस्य’ निवडले. गयाबाईचे नाव लिहिले. पुढे गेलो. महादूच्या घरी तेच केले. पडद्यावर लाल ओळ आली: एक व्यक्ती एकाच कुटुंबात नोंदवता येते.

सगळ्या वाटा करून पाहिल्या. लाल ओळ हटली नाही. निखिलला फोन केला.

"सर, तुम्ही खरंच गेलात?" तो म्हणाला. "बरं, असू द्या. सोपं करतो. सगळ्या ‘बनावट’ टाका. अकरा घरं गळतील, एवढ्यानं फेरीला काही होत नाही. पाचच्या आत झालं पाहिजे."

"बनावट नाहीत."

"एका बाईनं अकरा घरांची उत्तरं दिली, हे तुम्हीच सांगताय ना?"

"दिली. मी अकरा घरी जाऊन पडताळली. तुमच्याकडे जी माहिती आहे तिच्यात यापेक्षा शुद्ध अकरा फॉर्म नसतील."

"पण नियमात बसत नाहीत, सर."

"मग नियम तपासा. मुलीला का तपासता?"

निखिल मुलगा वाईट नाही. त्याच्यावरही कोणी बसलेले आहे. "सर, सिस्टिम घेत नाही म्हटल्यावर मी काय करू? तुम्ही ‘खरी’ म्हणालात तर प्रकरण वर जाईल. वर विचारतील, आधी ‘संशयास्पद’ सही कोणी केली? तुमचंच नाव निघेल. या वयात कशाला?"

"सही मीच केली आहे. नाव निघालेच पाहिजे."

फोन ठेवला. स्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून फुलस्केप कागद आणले आणि दुपारी दीडपर्यंत अहवाल हाताने लिहिला. चार पाने झाली. काय पाहिले, कोणाशी बोललो, तीन फरक कोणते. मुलाखती खऱ्या बाईने दिल्या आहेत आणि खऱ्या मुलीने घेतल्या आहेत. मुलीने विहित प्रश्न विचारला आणि मिळालेले उत्तर लिहिले. याहून अधिक काही करण्याची जागा फॉर्मात नाही. नोव्हेंबरात मी केलेली सही पुरेसे न ऐकता केलेली होती. ती मागे घेत आहे.

मग एक कोरा कागद घेतला, त्यावर जुन्या पद्धतीने रकाने आखले आणि बारावा फॉर्म भरला. हे घर संस्थेच्या यादीत नाही, कारण त्याला फोन नाही. कुटुंबप्रमुख: गयाबाई. व्यक्ती: एक. चुली: अकरा. मोबाईल क्रमांकाचा रकाना मी आखलाच नाही.

झेरॉक्सवाल्याने सर्व पानांची छायाचित्रे काढून निखिलला आणि त्याच्या वरिष्ठांना पाठवली. चार वाजून दहा मिनिटांनी निखिलचा फोन आला. आवाज बदलला होता.

"सर, वरून विचारलंय. वैशालीच्या नावापुढे काय लिहायचं?"

"तिच्या नावापुढे काही लिहू नका. माझ्या नावापुढे लिहा."

"काय लिहू?"

"दोन ऐकली, अकरांवर सही केली."

पलीकडे काही तरी टाइप केल्याचा आवाज आला. बराच वेळ. मग तो म्हणाला, "लिहिलं, सर."

हे लिहीत असताना त्या यादीत वैशालीचे नाव नाही. ती कामावर आहे. मला त्या संस्थेकडून तेव्हापासून काम आलेले नाही. अकरा मुलाखतींचे काय झाले ते मला कोणी कळवले नाही. मी विचारणे थांबवलेलेही नाही.

त्या दिवशी मी वैशालीला स्वतः फोन केला आणि अहवाल वाचून दाखवला. तिने तो शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, "सर, त्या बाई दिसायला कशा आहेत?"

"उंच आहेत," मी सांगितले. "आणि घाईत असतात."

छायाचित्रांवर माझा विश्वास नाही; मूळ कागद कागदाच्याच वाटेने गेला पाहिजे. पोस्टाची खिडकी बंद होण्याच्या बेतात होती. आतल्या बाईंनी पाकीट तोलले, नोंदणी केली आणि पावती पुढे सरकवली. मागे रांग होती. मी बाजूला झालो नाही. चष्मा लावला आणि पावतीवरचा पत्ता, नाव आणि क्रमांक पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून पाहिला.